झाकणाखालचं अक्षर

१

पेटीचं झाकण काही केल्या निघेना. रंगाचे थरावर थर बसून ते फळीशी एकजीव झालं होतं. धाकटीने फटीत पेचकस घातला, नवऱ्याने वरून हातोडीचे चार घाव घातले, तेव्हा कुठे कड्‌कन आवाज होऊन झाकण सुटलं.

बोट घेऊन त्यांना चारच दिवस झाले होते. दोघांच्याही घराण्यात आजवर कुणाची स्वतःची बोट नव्हती. नवऱ्याने वीस वर्षं दुसऱ्यांच्या बोटींवर खलाशी म्हणून काढली, आणि धाकटीने पंधरा वर्षं दुसऱ्यांची जाळी विणली. नवी बोट परवडणारी नव्हतीच. म्हणून ही जुनी, निळी, बत्तीस फुटांची लाकडी बोट दोन तासांवरच्या बंदरातून आणली होती. सुकाणूधारी बसतो त्या बाकाखाली ही पेटी होती. पूर्वी कधीतरी तिच्यात बॅटरी असायची. आता बॅटरी मागच्या बाजूला गेली होती आणि पेटी नुसती रंगवून बंद करून टाकलेली. धाकटीला ती सुया आणि दोरे ठेवायला हवी होती.

तिने झाकण उलटं केलं. आतल्या बाजूला खळीने चिकटवलेला वहीचा एक कागद होता. निळ्या शाईत रकाने आखून कुणीतरी इंजिनचं तेल केव्हा केव्हा बदललं त्याच्या तारखा लिहून ठेवल्या होत्या. बंद पेटीत कागद नव्यासारखा राहिला होता. प्रत्येक अक्षर ताजं, रेघ न् रेघ स्पष्ट.

"माणूस मोठा टापटिपीचा दिसतोय," नवरा म्हणाला.

धाकटी त्यातल्या 'ल'कडे बघत होती. हा 'ल' लिहिणारा माणूस त्याचं शेपूट खाली ओढून डावीकडे वळवायचा, गळासारखं. असा 'ल' ती रोज बघत होती. घरातल्या तेलाच्या डब्यावर, गुळाच्या डब्यावर, ताईच्या फळीवरच्या प्रत्येक डब्यावर. थोरल्या बहिणीच्या नवऱ्याने, म्हणजे तिच्या दाजींनी, लग्नानंतरच्या पहिल्याच महिन्यात ते डबे हौसेने नाव घालून दिले होते.

तिने शेवटची तारीख वाचली आणि तिच्या हातून पेचकस गळून पडला. तीन वर्षांपूर्वी दाजी ज्या दिवशी शेवटचे समुद्रावर गेले, त्याच्या आदल्या दिवसाची ती तारीख होती.

दाजी परत आले नव्हते. आणि ते चालवायचे ती बोट, सगळ्या बंदराला ठाऊक होतं, वीस वाव खोल पाण्याच्या तळाशी होती.

२

नवऱ्याने घाईघाईने खरवडणी घेतली आणि बोटीच्या कुशीवर, पाण्याच्या रेषेजवळ, हातभर जागा खरवडली. निळ्याखाली पांढरा निघाला, पांढऱ्याखाली पिवळा. दाजींची बोट पिवळी होती. तिचा मालक बर्फ कारखान्याचा शेठ, ज्याला सगळे बर्फवाले म्हणत. आपल्या सगळ्या बोटी तो पिवळ्याच ठेवायचा.

झाकण टॉवेलात गुंडाळून दोघं घरी आली. वाटेत धाकटीला उगाचच वाटत राहिलं की मागून कुणीतरी येतंय. तिने दोनदा वळून पाहिलं. रस्त्यावर फक्त बर्फाची हातगाडी होती.

थोरली तीन वर्षं त्यांच्याकडेच राहत होती. दिवसा ती बर्फवाल्यांच्या कारखान्यात पावत्या फाडायची. दाजी गेल्यावर त्यांनीच तिला बोलावून नोकरी दिली होती. धाकटीला वाटलं होतं, झाकण बघून ताई किंचाळेल. ताईने नुसती त्या अक्षरांवरून बोटं फिरवली, झाकण मांडीवर घेतलं आणि म्हणाली, "मग ते कुठे आहेत?"

धाकटीने उठून दाराला कडी घातली. बोट बुडाली नव्हती तर दाजींचं काय झालं? आणि ज्याला हे ठाऊक होतं, त्याला आज हेही कळणार होतं की बोट कुणाच्या दारात येऊन उभी राहिली आहे.

तिने ताईला बजावलं की कुणाकडे चकार शब्द काढू नकोस. पण तीन वर्षं दाबून ठेवलेलं ताईच्या पोटात राहीना. दुसऱ्या दिवशी सकाळी तिने दोघांना सांगितलं. एक बर्फवाले, कारण तिच्या लेखी ते देवमाणूस होते. दुसरा पंपवाला. बंदरावरच्या डिझेलच्या पंपावर बसणारा हा माणूस त्या दिवशी दाजींबरोबर बोटीवर होता, आणि दोघांतला तो एकटाच पोहत परत आला होता. दाजींनी आपलं लाइफ जॅकेट काढून त्याच्या अंगावर चढवलं, असं त्यानेच रडत सांगितलं होतं. तेव्हापासून तो ताईला सख्ख्या भावाच्या जागी होता. दर महिन्याला घरी यायचा, छपराचे पत्रे बघायचा, गॅसची टाकी आणून द्यायचा.

ताईने दोघांनाही एवढंच सांगितलं की बोटीत 'त्यांच्या अक्षरातला एक कागद' सापडला. पंपवाला ऐकून मटकन खाली बसला. बर्फवाल्यांचा चेहरा पांढराफटक पडला. ते उठून आतल्या खोलीत गेले, दार लावून घेतलं आणि कुणाला तरी फोन केला.

धाकटीने हे ऐकलं आणि कपाळावर हात मारून घेतला. "ताई, अगं चोराच्या हाती किल्ली दिलीस."

३

फोन विमा कंपनीच्या सर्व्हेअर बाईंना गेला होता. दुसऱ्या दिवशी सकाळी त्या बंदरावर हजर झाल्या. साठीच्या, बुटक्या, गळ्यात दोरीने अडकवलेला चष्मा, आणि हातात एवढीशी लाकडी मुठीची हातोडी. बोटीच्या फळीवर ती टकटक वाजवत त्या चालत आणि कान देऊन ऐकत. कुठलं लाकूड कुजलंय, कुठलं बदललंय, ते त्यांना आवाजावरून कळे.

तासाभराने त्या धक्क्यावर येऊन धाकटीशेजारी बसल्या. "बोट तीच आहे," त्या म्हणाल्या. "सांगाड्याची पुढची तिसरी बरगडी मी स्वतः मोजली होती, विमा उतरवताना. बुडाल्याच्या फाइलवर सहीही माझीच आहे."

मग म्हणाल्या, की तेव्हा साक्ष फार नीटनेटकी होती आणि आपण ती जशीच्या तशी मान्य केली, हे तीन वर्षं मनाला खात होतं.

त्यांनी बोट विकत घेण्याची गोष्ट अथपासून इतिपर्यंत ऐकून घेतली. बोटीची खबर कुणी आणली? मिस्त्रीने. इंजिनांचा हा मिस्त्री नवऱ्याचा जुना दोस्त. विकणारा कोण? त्या बंदरावरचा एक म्हातारा, त्यानेही ती तिसऱ्याकडून घेतलेली. घेण्याआधी तपासली कुणी? मिस्त्रीनेच.

"त्या दिवशी काही वेगळं दिसलं?" बाईंनी विचारलं.

धाकटीने आठवून सांगितलं. म्हाताऱ्याने इंजिन चालू करायला पाच-सहा वेळा खटपट केली, ते घरघरून बंद पडे. मिस्त्री आत उतरला, इंजिनाच्या मागे हात घालून, न बघता, कुठलीशी चावी अर्धी फिरवली, आणि इंजिन पहिल्या फटक्यात सुरू झालं. तेव्हा तिला मिस्त्रीचं कौतुक वाटलं होतं. आता सांगता सांगता तिला त्याचा अर्थ लागला.

बुडालेल्या बोटीच्या इंजिनाची देखभालही मिस्त्रीच करायचा. म्हणजे त्याने बोट ओळखली होती. ओळखून त्यांच्या गळ्यात मारली होती. आणि एका शब्दाने काही बोलला नव्हता.

"आणखी काही?" बाई म्हणाल्या.

आणखी एक बारीकशी गोष्ट होती. बोट आणली त्या दिवशी पंपावर डिझेल भरताना पंपवाल्याच्या हातून नळी सुटली आणि बादलीभर डिझेल सांडलं. तो थेंबही सांडत नाही म्हणून बंदरावर प्रसिद्ध होता. धाकटीला वाटलं होतं, दाजींच्या आठवणीने हात थरथरला असेल. तिने हेही सांगून टाकलं, पण तिचं सगळं चित्त मिस्त्रीवर होतं.

समोर त्याच्या वर्कशॉपचं शटर अर्धं उघडं होतं. त्याखालून दोन पाय दिसत होते, त्यांच्याच दिशेने वळलेले.

४

सर्व्हेअर बाईंनी त्या दुपारपासून एकेकाशी बोलायला सुरुवात केली. आधी पंपवाला. बाईंनी धाकटीला सोबत बसवून घेतलं. त्या म्हणाल्या, माणूस खोटं बोलतो तेव्हा ज्याच्यासाठी बोलतो त्याच्याकडे बघतो, म्हणून तू समोर हवीस.

पंपवाला अवघडून बसला होता, पण बोलला सरळ. तीन वर्षांपूर्वी जे सांगितलं तेच. लाट आली, बोट एका कुशीवर कलली, पाणी आत घुसलं. बघता बघता बाकापर्यंत आलं. आधी बॅटरी बुडाली, त्याबरोबर दिवे गेले आणि वायरलेसही मुका झाला. म्हणून कुणाला हाक देता आली नाही. दाजींनी त्याला जॅकेट चढवून ढकललं.

मग ही बोट इथे कशी आली, असं बाईंनी विचारलं. तो म्हणाला की आपण उडी मारली तेव्हा ती बुडायला आली होती, पुढचं पाहायला मागे कोण होतं? अर्धवट बुडालेली बोट कुणीतरी ओढून नेली असेल, पाणी उपसून विकली असेल. असं समुद्रावर होतं.

हे ऐकून धाकटीच्या मनावरचा दगड जरा हलका झाला. खरंच, असंही होतं. तिने तशा दोन-तीन बोटींच्या गोष्टी ऐकल्या होत्या. जाताना पंपवाल्याने तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि म्हणाला, ताईला जप.

नंतर बाई बर्फवाल्यांकडे गेल्या. कारखान्याच्या ऑफिसात दोघांचं दार लावून बोलणं चाललं होतं. नवरा पोलिसांत अर्ज द्यायला गेला होता आणि ताई पावत्यांच्या खिडकीशी होती. तीन वाजले होते, लख्ख ऊन होतं, धक्क्यावर माणसं होती. धाकटीने स्वतःला समजावलं की दिवसाढवळ्या कोण काय करणार, आणि ती बोटीवर गेली. बाईंना मासळी ठेवायच्या खणाची लांबी-रुंदी मापून हवी होती.

खण म्हणजे बोटीच्या पोटातली, जाड भिंतींची खोली. बर्फ टिकावा म्हणून चहूबाजूंनी बंद. वर एकच झाकण, दोन्ही हातांनी उचलावं लागेल एवढं जड. धाकटी शिडीने खाली उतरली. तिने मापायची फीत कोपऱ्यात लावली, आणि तेवढ्यात वर पावलं वाजली.

तिला वाटलं, नवरा आला. "अहो," तिने हाक मारली.

पावलं थांबली. मग चौकोनी उजेड एका बाजूने कमी कमी होत गेला आणि झाकण धप्प करून बंद झालं. वरून कडी सरकल्याचा आवाज आला.

५

अंधारात धाकटीला आधी स्वतःचा श्वासच ऐकू आला. तिने झाकणाला खालून खांदा लावला. ते तसूभरही हललं नाही. तिने मुठी आपटल्या, ओरडली. त्या जाड भिंती तिचा आवाज तिच्याच अंगावर परत टाकत होत्या. बाहेर धक्क्यावर माणसं होती, पण त्यांना काही ऐकू जात नव्हतं.

वर कुणीतरी फिरत होतं. बाक सरकला. फळी उचलली गेली. डबे उपडे झाले. जो कुणी होता तो घाईत काहीतरी शोधत होता. मग पावलं बोटीवरून उतरून गेली आणि सगळं शांत झालं.

हवा जड व्हायला लागली. धाकटी शिडीला धरून उभी होती. तिने ओरडणं थांबवलं, कारण ओरडण्याने श्वास जास्त लागत होता. किती वेळ गेला ते तिला कळलं नाही. तिचे हात झाकणाच्या आतल्या बाजूवर चाचपडत होते, कुठे खाच, कुठे खिळा सापडतो का म्हणून. तिथे तिच्या बोटांना ओरखडे लागले. एक नाही, कितीतरी. खोल, एकाशेजारी एक, लाकडात खोदलेले. रंगाखालूनसुद्धा ते लागत होते.

ते कशाचे आहेत हे तिला कळायला क्षणभर वेळ लागला. आणि कळलं तेव्हा तिने हात झटकन मागे घेतला, जणू विस्तवाला लागला.

कडी वाजली. झाकण उचललं गेलं आणि उन्हाचा झोत तिच्या डोळ्यांवर आला. वर एक माणूस उभा होता. हातात हातभर लांबीचा लोखंडी पाना.

तो मिस्त्री होता.

६

धाकटी कशी वर आली, त्याला कशी ढकलून सुटली आणि अनवाणी बर्फ कारखान्यापर्यंत कशी धावली, ते तिलाही नंतर नीट सांगता आलं नाही. ऑफिसचं दार लोटून ती बाईंच्या पायाशी कोसळली. बाई बर्फवाल्यांसमोर अजून बसूनच होत्या. दोघांच्या मध्ये जुनी फाइल उघडी पडली होती.

बाईंनी तिला पाणी दिलं, शाल दिली. सगळं ऐकून घेतलं. ओरखड्यांचं ऐकल्यावर त्यांनी चष्मा काढून डोळ्यांवर हात धरला. मग विचारलं, "झाकण कुठे आहे? त्या पेटीचं?"

घरी होतं. कपाटात, टॉवेलात गुंडाळलेलं.

"बरं झालं. उद्या अकरा वाजता सगळ्यांना इथे बोलवा. मिस्त्रीलासुद्धा."

धाकटी नको नको म्हणत होती. त्या माणसासमोर मी बसणार नाही, म्हणाली. रात्रभर ती दिवा लावून बसली. तिच्या एका बाजूला ताई, दुसऱ्या बाजूला नवरा, दाराला आडणा आणि आडण्याला टेकवलेलं टेबल.

सकाळी ऑफिसात सहा माणसं बसली. दोघी बहिणी, नवरा, बर्फवाले, मिस्त्री आणि पंपवाला. दाराबाहेर एक साध्या कपड्यातला हवालदार खुर्ची टाकून वर्तमानपत्र वाचत होता. भिंतीपलीकडून बर्फाच्या लाद्या फोडल्याचा आवाज येत होता.

सर्व्हेअर बाईंनी मिस्त्रीकडे बघितलं. "बोट ओळखली होती ना तुम्ही?"

मिस्त्रीने मान खाली घातली. मग तो बोलत गेला. वर्षापूर्वी त्या बंदरावर एक इंजिन दुरुस्त करायला गेला तेव्हाच त्याने आवाजावरून ओळखलं होतं. पण कुणाचं नाव घ्यायचं ते त्याला कळेना. शेठचं घ्यावं तर वर्कशॉपची जागा शेठची. आणि नुसत्या आवाजावर विश्वास कोण ठेवणार? उलट तूच सामील असशील म्हणतील. वर्षभर त्याला झोप लागली नाही. मग यांना बोट घ्यायची आहे असं कळलं, तेव्हा वाटलं, ही आपली माणसं आहेत, एक ना एक दिवस ओळखतील. काल सगळं सांगून मोकळं व्हावं म्हणून तो बोटीवर गेला, तर खणाची कडी लागलेली आणि आतून हुंदके.

"मला माफ करा वहिनी," तो म्हणाला. "मी भित्रा आहे."

"भित्रे आहात, पण चोर नाही," बाई म्हणाल्या. "ज्याने बोट पळवली तो ती याच घराला 'घ्या घ्या' म्हणून सांगेल का? तो म्हणेल, इंजिन खलास आहे, लांब राहा. आणि शेठ, तुमच्यावर सगळ्यांचा संशय होता, कारण विम्याची भरपाई तुम्हाला मिळाली. पण बोट सापडली म्हटल्यावर त्या भरपाईची चौकशी पुन्हा उघडणार. तरी मला पहिला फोन तुम्हीच केलात. लबाड माणूस विमा कंपनीला आवतण देत नाही."

बर्फवाल्यांनी घाम पुसला. त्या थंडगार खोलीतही त्यांना घाम फुटला होता.

"आता कालचं बघू. खण बंद करून कुणीतरी बोट धुंडाळली. काय धुंडाळत होता? तो कागद. कागद सापडल्याचं यांच्या घराबाहेर, मला सोडलं तर, दोघांनाच ठाऊक होतं. मिस्त्रीला ठाऊक नव्हतं. शेठ तीन वाजता माझ्यासमोर या खुर्चीत होते."

सगळ्यांच्या नजरा एकाच माणसावर गेल्या.

७

पंपवाला हसायचा प्रयत्न करत होता. तो ताईकडे वळून म्हणाला, की दोस्ताचं अक्षर शेवटचं बघावं म्हणून मी गेलो असेन तर काय गुन्हा झाला? खणात कुणी आहे हे आपल्याला माहीत नव्हतं, झाकण उघडं दिसलं म्हणून लावलं.

धाकटीला आठवलं, आपण हाक मारली होती. तिने तसं सांगितलं. पंपवाल्याने तिच्याकडे पाहिलं नाही.

बाईंनी टॉवेल सोडून झाकण टेबलावर ठेवलं. "सगळ्यांनी हे बघून बोट ओळखली," त्या म्हणाल्या, "पण हे कुठे चिकटवलेलं होतं याचा विचार कुणी केला नाही. ही बॅटरीची पेटी आहे. बाकाखालची. तुमच्या साक्षीत, काल आणि तीन वर्षांपूर्वीही, पाणी बाकापर्यंत आलं, आधी बॅटरी बुडाली, म्हणून वायरलेस बंद पडला. बरोबर?"

पंपवाल्याने मान हलवली.

बाईंनी पाण्याच्या पेल्यात बोट बुडवलं आणि कागदाच्या अगदी कोपऱ्यातल्या एका आकड्यावर टेकवलं. ताईच्या तोंडून अस्फुट 'नको' निघालं. निळी शाई क्षणात फुगली, पसरली, आणि आकड्याच्या जागी एक निळा डाग उरला.

"एका थेंबाने हे होतं. आणि तुम्ही म्हणता, ही पेटी समुद्रात बुडाली होती."

पलीकडे बर्फ फोडणं थांबलं होतं. बाई हळू आवाजात म्हणाल्या की या बोटीत त्या दिवशी ओंजळभरही पाणी शिरलं नाही. वायरलेस चालू होता, फक्त तो उचलणारा माणूस खणात होता. खणाच्या झाकणाखाली त्याची नखं उमटली आहेत.

पंपवाला स्वतःच्या हातांकडे बघत राहिला. त्याला बोलतं केलं ते ताईने. ती उठून त्याच्यासमोर जाऊन उभी राहिली आणि नेहमीच्याच आवाजात म्हणाली, "भाऊ, काय झालं ते सांग."

त्याने सांगितलं. लांबच्या बंदरावर गिऱ्हाईक ठरलं होतं. बोट तिकडे न्यायची, बुडाली म्हणून सांगायचं. दाजींना त्याने अर्ध्या वाटेवर सांगितलं. त्याला वाटलं होतं, दोस्त आहे, वाटा घेईल. दाजींनी बोट सरळ माघारी वळवली. झटापट झाली आणि दाजी उघड्या खणात पडले. त्याने झाकण लावलं. पोचेपर्यंतच ठेवायचं होतं, तो पुन्हा पुन्हा म्हणत होता, पोचेपर्यंतच. इंजिनाच्या आवाजात पुढचं काही ऐकू आलं नाही. उघडलं तेव्हा उशीर झाला होता. मग त्याने त्यांना पाण्यात सोडलं, बोट गिऱ्हाइकाच्या हवाली केली आणि त्याच्याच होडीतून येऊन आपल्या किनाऱ्याजवळ पाण्यात उडी मारली. जॅकेटची गोष्ट त्याने पोहत येताना रचली.

"झाकण लावल्यावर, सुरुवातीला काही बोलले?" ताईने विचारलं.

त्याने तोंड फिरवलं. तिने पुन्हा विचारलं.

"म्हणाले, बोट घेऊन जा. कुणाला काही सांगणार नाही. मला फक्त घरी जाऊ दे. तिला सांगून आलो नाही म्हणाले, उशीर होईल असं."

हवालदार आत आला. पंपवाल्याला नेलं तरी ताई तिथेच उभी होती. धाकटीने तिला धरून बसवलं. तिला वाटलं, आता ही कोसळणार. पण ताई तिच्या कानाशी, इतरांना ऐकू जाऊ नये अशा बेताने म्हणाली, "तीन वर्षं मी मनातल्या मनात त्यांच्यावर रागावले होते गं. सगळे म्हणायचे केवढा मोठा माणूस, आणि मला वाटायचं, दुसऱ्याला जॅकेट देताना यांना माझी आठवण कशी झाली नाही. पण त्यांना घरी यायचं होतं."

आणि मग ती रडली. तीन वर्षांत पहिल्यांदा, मोठ्याने, लोकांसमोर.

८

बोट कायद्याने विमा कंपनीची झाली. म्हाताऱ्याने घेतलेले पैसे परत केले. फसवला तर तोही गेला होता, पण माणूस सरळ होता. सर्व्हेअर बाईंनी सुचवलं की हीच बोट हवी असेल तर मी कंपनीत शब्द टाकते. दोघी बहिणींनी एकमेकींकडे बघितलं आणि नको म्हणाल्या. कागद मात्र खटला संपल्यावर ताईला मिळेल, असं बाईंनी लिहून घेतलं.

धाकटीची भीती काही गेली नाही. दाराची कडी वाजली की ती दचकायची. मोरीचं दार लावून घ्यायचं म्हटलं तरी तिला धाप लागायची, म्हणून ते उघडंच ठेवून ती अंघोळ करायची आणि ताई बाहेर पाठ करून बसायची. तिने नवऱ्याला सांगून टाकलं की आपल्याला बोट-बिट काही नको, जाळी विणून पोट भरतंय.

ताई आठवडाभर घरीच होती. नवव्या दिवशी सकाळी ती आवरून, चपला घालून दारात येऊन उभी राहिली. मिस्त्रीने निरोप पाठवला होता. पलीकडच्या खाडीत एक विकाऊ बोट आहे, मालक ओळखीचा, पहिल्या दिवसापासून त्याच्याकडेच आहे. हवं तर बघून जा.

"चल," ताई म्हणाली.

"मला भीती वाटते."

"मलाही वाटते," ताई म्हणाली, आणि धाकटीची पिशवी तिच्या हातात दिली.